हो, चाखलं

३ जून, मंगळवार

रेवतीने आज पिशवीतून बाटली काढली आणि सरळ ओट्यावर ठेवली. तांदळाच्या डब्याला खेटून! मी ओरडले. म्हणते, "अम्मा, सील आहे तिला." जणू सील असलं की सोवळं. शेवटी फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या मागे.

पोर्तुगालची पांढरी वाइन. रे.च्या हॉटेलात चौदा तारखेला त्या वाइनचं जेवण आहे, वीस-बावीस माणसं. वाइन करणारी बाई स्वतः येणार. तेरेझा नाव. प्रत्येक पदार्थाबरोबर तिचीच वाइन, आणि पदार्थ कुठला जुळतो ते ठरवायचं काम रे.चं. शेफची यादी म्हणजे मासे, कोळंबी, परत मासे. तर आमच्या रे.ने मीटिंगमध्ये हात वर केला. एक पदार्थ माझ्या आईचा ठेवा म्हणे, तंजावर मराठी घरातला. मला विचारलंय कुठे? परस्पर कबूल करून मोकळी.

हे पेपरातून मान वर न काढता, "जाऊं दे गे. पोर सांगून आलीय तर कर."

मिरजेला माझ्या वडिलांना कळलं असतं की नात वाइन ओतायचं काम करते, तर... जाऊ दे. वडील नाहीत. आणि पोरगी तिच्या कामात हुशार आहे, हे इथल्या, वेस्ट मांबलममधल्या एकाही नातेवाइकाला मी अजून सांगितलेलं नाही. "हॉटेलात मॅनेजर" एवढंच सांगते.

५ जून, गुरुवार

बाटली उघडली. रे.ने ग्लास हॉटेलातून आणले होते, आमचे पेले चालत नाहीत.

मला शिकवत होती. द्राक्षाचं नाव आल्व्हारिन्यो. रस आंबला की तळाला साका बसतो. पुष्कळ लोक तो काढून टाकतात. ही तेरेझा वाइन महिनोन्‌महिने त्याच साक्यावर ठेवते आणि मधून मधून काठीने ढवळते. त्याने वाइनला अंग येतं म्हणे. "अंग म्हणजे?" तर म्हणाली, "पातळ ताक आणि घट्ट ताक, अम्मा." हे कळलं. असं सांगितलं की सगळं कळतं, उगीच लोक इंग्रजीत घोळ घालतात.

फार गार प्यायची नाही, मग वास मरतो. ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचं.

मी नाक घातलं. खिडकीशी उभी राहून, देवघराकडे पाठ करून. आधी लिंबाची साल. मग खाली काहीतरी ओळखीचं होतं. सकाळी इडलीच्या पिठाचं झाकण उघडतो तेव्हाचा वास. आणि त्याच्याही मागे भाजलेले उडीद. तसं म्हटलं.

रे. हसली. "सगळे ह्या वासाला टोस्ट लिहितात."

"आमच्या मिरजेत टोस्ट कुठला?"

"मग उडीद लिहिते. आतां एक घोट घे."

नाही. "गिळूं नको, थुंकून टाक, आम्ही तसंच करतों." थुंकायचंच आहे तर घ्यायचं कशाला? तिने घोट घेतला, तोंडात फिरवला, मोरीत थुंकला. तोंडावर असा भाव की परीक्षेचा पेपर सोपा निघालाय. लहानपणी गणित सुटलं की असंच करायची.

८ जून, रविवार

दिवसभर चूल. रसवांगी केली, पिठलं केलं, अवरेच्या, म्हणजे वालासारख्या शेंगांची खोबरं घालून भाजी, डांगर पचडी. देवाला दाखवून झालं आणि मग रे. एकेक घास, एकेक घोट अशी बसली.

रसवांगी बाद. चिंचेपुढे वाइन "पाणी झाली" म्हणाली. वाईट वाटलं, वांगी सुरेख मिळाली होती. मिरचीची फोडणी जास्त झाली तिथे वाइन जाळायला लागली. पिठलं बरं. शेंगांची भाजी बरी. आणि मग डांगर पचडी. उडीद भाजून केलेलं पीठ, ताज्या दह्यात कालवलेलं, वर हिंग-मोहरी. मिरची नावाला. रे.ने एक घास, एक घोट घेतला. परत घास, परत घोट. मग ग्लास ठेवून माझ्या गळ्यात पडली, चिकट हातांनी.

"अम्मा, दोन्ही एकाच घरची आहेत."

हे म्हणाले, "आमची अम्मा असती तर!" सासूबाई असत्या तर बाटलीसकट आम्ही तिघं रस्त्यावर असतो.

सा.बां.ची आठवण दिवसभर होती. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटला. मिरजेत सगळ्या बायका तसंच करतात. त्यांनी पाहिलं. पातेलं उचललं, मोरीत ओतलं, आणि पहिल्यापासून डाळ शिजायला घातली. देवाला दाखवायच्या आधी चाखलं म्हणजे ते उष्टं. मग संध्याकाळी एकच वाक्य, "वासावर कळत नाही तर चूल कसाला?" त्या दिवसापासून रांधताना जिभेला काही लावलेलं नाही. मीठ मुठीने, बाकी नाकाने. ह्यांच्या बहिणींनी हा नियम केव्हाच सोडला. मी सोडला नाही. परकी सून होते ना, मला पास व्हायचं होतं. लोक स्वयंपाकाच्या ऑर्डरी देतात त्या ह्याच नावावर. श्राद्धाचं, मुंजीचं, सोवळ्यातलं हवं तर आमच्या अक्कांना सांगा, असं माझ्याबद्दल म्हणतात.

रे. आज म्हणाली, "नैवेद्य झाला, आतां तरी वाइनबरोबर चाख. तुझाच पदार्थ." मी पचडी भाताशी खाल्ली. वाइन नको म्हटलं. जरा हिरमुसली. बाटली राहिली अर्धी, बूच लावून ठेवून दिली.

१२ जून, गुरुवार

रे.ने एक गोष्ट सांगितली, कुणाला सांगू नको म्हणाली. तेरेझाला भारतातून एक माणूस हवा आहे. द्राक्षं काढायच्या वेळी जायचं, वाइन साक्यावर बसते ते सगळे महिने तिथेच राहून शिकायचं, आणि परत येऊन इकडे तिचं काम बघायचं. शनिवारच्या जेवणात ती माणसं पारखणार.

"म्हणजे तुझ्या पचडीवर आहे," असं म्हणाली आणि हसली. मी नाही हसले. किती लांब आहे पोर्तुगाल? ह्यांनी ॲटलास काढला. पार टोकाला.

१५ जून, रविवार

काल लिहिलं नाही. आज तरी काय लिहू.

क्रमाने लिहिते. डांगराचं पीठ घरून नेलं. एवढ्या माणसांचं दही रिक्षातून नेलं तर उन्हाने आंबेल, म्हणून दही हॉटेलचं. त्यांचं घट्ट, पांढरंशुभ्र, मोठ्या डब्यांत. वास घेतला, ताजं होतं. स्वयंपाकघर म्हणजे स्टीलचा कारखाना. माझ्या शेजारच्याच टेबलावर कोळंबी सोलत होते. मी पदर नाकाला लावून उभी. मला तिथला वास कळेना, फक्त कोळंबी कळत होती.

माझ्या मुठीने मीठ घातलं. फोडणी दिली.

रे. बाहेर पाहुण्यांत. आतल्या फोनवर तिचा फोन आला. "अम्मा, मला येतां येत नाही, वाटीत घालायच्या आधी चाख, प्लीज. एकदा चाख."

"हो," म्हटलं.

चमचा हातात घेतला. शेजारी ती कोळंबी. नाही जमलं. आणि रांधताना चाखायचं म्हणजे... तिथे कुठला देव होता? कसला नैवेद्य होता? कुणाचं उष्टं होणार होतं? हे आज सुचतंय. काल चमचा खाली ठेवला.

परत फोन. "चाखलीस?"

"हो, चाखलं. छान झालीय."

दारातल्या काचेतून बघत होते. तेरेझा बाई साठीच्या असतील, पांढरे केस, माझ्यासारखाच अंबाडा. रे. बाटली घेऊन उभी राहून सांगत होती, हा पदार्थ माझ्या आईचा, वाइनला साक्याचा जो वास आहे तोच ह्यात उडदाचा... तेरेझाबाईंनी चमचा तोंडात घातला. थांबल्या. पाणी घेतलं. बाकीचे लोक वाट्या बाजूला सारायला लागले. एका गृहस्थाने नॅपकिनात थुंकलं. रे. बोलता बोलता हळू झाली. मग तिने वाकून समोरच्या वाटीतला चमचा चाखला. तिचा चेहरा. नको.

मीठ. नुसतं मीठ.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. मी तर तिथे सगळ्यांची आवडती होऊन गेले होते.

तेरेझाबाई जाताना आत आल्या, माझा हात हातात घेतला. रे.ने सांगितलं त्या काय म्हणाल्या ते. आमच्याकडे मासा खारवतात, तोही असाच लागतो, मला घरची आठवण झाली. मोठ्या मनाची बाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



१७ जून, मंगळवार

रे.ने शेफला विचारलं. त्या डब्यातलं दही मिठाचंच असतं, कबाबाच्या चटणीसाठी घालून ठेवतात. माझी मूठ त्यावर. शेफ म्हणाला, चाखल्यावर लहान पोरालाही कळलं असतं.

रे. माझ्यासमोर येऊन बसली. "अम्मा, तू चाखलीस नं? खरंच?"

आत्ता सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. आणि बाहेर काय आलं, तर "हो म्हटलं ना एकदा. मला नीट लागली."

वर आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा.

मला वाटलं रागावेल. ती रागावलीच नाही. नुसती बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि उठली. झाकली मूठ राहिली म्हणून मला हायसं वाटलं. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

१९ जून, गुरुवार

रे. मला जेवताना निरखते. काल विचारलं डोकं दुखतं का. आज विचारलं तोंडाला कोरड पडते का, कधी तोल जातो का, नावं विसरतेस का. मी म्हटलं काय चाललंय तुझं? तर रडवेली होऊन म्हणाली, "एवढं मीठ तुला कळलं नाही, अम्मा. चव जाते ती कधी कधी दुसऱ्या कशाची तरी सुरुवात असते. मी वाचलं."

म्हणजे पोरीने हिशोब असा केला. आई खोटं बोलणार नाही. मग आईची जीभ गेली.

त्यातलं पहिलं तिने क्षणभरसुद्धा तपासून पाहिलं नाही.

२२ जून, रविवार

आज जे केलं ते कुठल्या तोंडाने लिहू? पण लिहिलं नाही तर उद्या स्वतःलाच पटवीन की केलंच नव्हतं.

रे.ने चार वाट्या मांडल्या. डोळे मिटायला सांगितले. चमच्याने जिभेवर एकेक थेंब. पहिलं साखरेचं पाणी, सांगितलं. दुसरं लिंबाचं, सांगितलं. तिसरं चांगलं खारट, समुद्राच्या पाण्याइतकं. मला कळलं म्हणजे काय, जीभ आक्रसली. आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, खारट म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येणार. मग त्या दिवशी का नाही कळलं?

"पाणीच आहे," म्हटलं.

तिने परत दिलं. "नीट बघ अम्मा."

"पाणीच आहे गं."

डोळे उघडले तर ती ओट्याला टेकून उभी, पदार्थ जळाल्यावर बाई उभी राहते तशी. मग जवळ आली आणि माझं डोकं पोटाशी धरलं. मी तिची आई, आणि ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. "घाबरूं नको. आपण डॉक्टरला दाखवूं. मी आहे."

चौथी वाटी तशीच राहिली. कारल्याचं पाणी होतं.

हे दारात होते. मग आत गेले.

२६ जून, गुरुवार

न्यूरोच्या डॉक्टरची वेळ मिळाली, दहा जुलैची. रे.ने ड्यूट्या बदलून घेतल्या. आता रोज संध्याकाळी घरी. मला भाजी आणायला एकटीला जाऊ देत नाही. दुरैसामी रोडवर गर्दीत माझं कोपर धरून चालते. अशोकनगरच्या मुंजीची ऑर्डर तिने फोनवर परस्पर नाही म्हटली, अम्माला बरं नाही म्हणून.

रात्री तिघं एकत्र जेवतो. कितीतरी वर्षांनी. ती हॉटेलातल्या गमती सांगते, हे हसतात.

खरं सांगते, मला बरं वाटतं. मेली जीभ माझी.

१ जुलै, मंगळवार

हे बाल्कनीत कपडे काढत होते, मी घड्या घालत होते. एकदम म्हणाले, "रेवतीला पत्र आलतं. त्या बाईचं."

तेरेझाबाईंनी तिलाच बोलावलं होतं! पचडीचं काही मनावर न घेता. उलट लिहिलं होतं की वाटी परत गेल्यावरही तू उभी राहिलीस, ते मला आवडलं. ऑगस्टमध्ये यायचं.

"मग?"

"नको म्हणून लिहिली. घरीं अडचण आहे म्हणून. मज सांगटली, अम्माला बोलूं नको."

पत्राला चार दिवस होऊन गेले. ती चार दिवस माझ्याशी हसून बोलतेय.

मी घडी घालायची ती साडी तशीच मांडीवर घेऊन बसले.

४ जुलै, शुक्रवार

ह्यांना सगळं सांगितलं. दही, कोळंबी, फोन, वाटी. आधी ह्यांना सांगावं, मग रे.ला सांगायला धीर येईल असं वाटलं. ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"मज माहीत होतं."

"काय?"

"तू कधी चाखलीस काय गे? इतक्या वर्षांत एकदां? हॉटेलांत जाऊन चाखणार तू?"

"मग त्या दिवशी, वाट्यांच्या वेळी, बोलला का नाहीत?"

ह्यांनी चष्मा परत चढवला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "पोर राह्यली तर बरं की."

कुठल्या तोंडाने भांडू? बाल्कनीत ते पत्राचं ऐकलं तेव्हा छातीत धस्स झालं हे खरं, पण त्याच्या आधी, अगदी आधी, काहीतरी सैल झालं होतं. गेली नाही. इथेच आहे. ते माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

सोवळ्यापायी खोटं बोलले असं मी स्वतःला सांगत होते. बावीस तारखेला कुठलं सोवळं होतं? तेव्हा मला फक्त स्वतःला वाचवायचं होतं. आणि त्यानंतर ती संध्याकाळी घरी यायला लागली, आणि मला ते सोडवेना.

६ जुलै, रविवार

एकादशी. उपास, म्हणून चूल नाही, म्हणून हाताला काम नाही. पळायला जागाच नव्हती.

रे. सोफ्यावर डॉक्टरसाठी माझी लक्षणं लिहीत बसली होती. मी समोर बसले आणि सांगितलं. सगळं नाही जमलं नीट. मध्येच मराठी सोडून तमिळ आलं, मला राग आला की तमिळ येतं तसं.

"मी चाखलंच नव्हतं. हॉटेलात. तू फोन केलास तेव्हा."

ती आधी हसली. खरंच हसली. "अम्मा! एवढंच? कोळंबीच्या शेजारीं तू चाखणार नाहीस, मला कळायला हवं होतं. मीच मूर्ख." उठून मिठी मारायला आली, आणि अर्ध्यात थांबली.

"मग ते मीठ-पाणी?"

मी सोफ्यावरच्या त्या लक्षणांच्या कागदाकडे पाहिलं.

"ते तुला कळलं होतं?"

"हो."

"खारट लागलं होतं."

"हो."

मग अगदी हळू बोलली, तिचं तंजावरी मराठी, सा.बां.सारखंच. "जेवणाचं कांही नाही अम्मा. जेवणं होतात, जातात. मी तुझ्यासाठी रडलों होतों. बाथरूमांत, नळ सोडून. रोज."

चपला घालून गेली. लिफ्टची वाटही पाहिली नाही, जिन्यानेच. हे म्हणाले, येईल. मांबलम स्टेशनपर्यंत चालत जाते ती डोकं तापलं की, पुलावर उभी राहते. दिवे लागायला परत आली. डॉक्टरची वेळ रद्द केली, फोनवर बोलताना ऐकलं. माझ्याशी नाही बोलली.

७ जुलै, सोमवार

ह्यांच्याकडून कळलं. रे.ने तेरेझाबाईंना परत लिहिलं आहे, अडचण मिटली, जागा असेल तर येते. पण त्यांनी मधल्या काळात दुसऱ्या कुणाला विचारलं असेल तर? बंगळूरचा एक मुलगा होता म्हणे त्या जेवणात.

अडचण मिटली असं लिहिलं. बाईंना वाटेल आई बरी झाली.

८ जुलै, मंगळवार

रे. कामावर. ड्यूट्या परत पहिल्यासारख्या.

आज मी डांगर कालवलं. थोडंसंच, वाटीभर, घरच्या दह्यात. देवाला दाखवलं. मग फ्रिजमधून ती अर्धी बाटली काढली आणि बूच उपटलं. ग्लास नव्हताच, वाटीत ओतली. आयुष्यात पहिल्यांदा. कुणी पाहत नव्हतं तरी पदर घट्ट केला.

रे. करते तसंच केलं. एक घास पचडीचा, मग घोट. आंबट. भयंकर आंबट, शिर्क्यासारखी, घशात खरखर. वासात उडीद शोधले, नव्हते. लिंबाची साल नव्हती. परत घास, परत घोट. दोन्ही एकाच घरची म्हणाली होती ना. माझ्या तोंडात ती भांडत होती.

मग लक्षात आलं. उघडून महिना झाला. बिघडली असणार. की मुळात अशीच असते? मला ठरवता येईना. चांगली होती तेव्हा मी घोट घेतलाच नाही, तर बिघडलेली कशी ओळखू? घरात एकच आहे, जिला विचारता आलं असतं.

मोरीत ओतून टाकली. वाटी तीनदा घासली तरी वास येत राहिला.

१० जुलै, गुरुवार

पोर्तुगालचं उत्तर नाही. तिकडे सुट्ट्या असतील, हे म्हणाले. ह्यांना काय माहीत तिकडे कधी सुट्ट्या असतात.

सकाळी सांबार उकळत होतं. रे. आंघोळ करून आत आली, डाव घेतला, थोडं वाटीत काढलं, फुंकलं आणि प्यायली. नैवेद्य व्हायचा होता. समोर देव, शेजारी मी. पातेलं मोरीत ओतायचा प्रसंग होता, सा.बां.च्या हिशोबाने. मी तशीच उभी राहिले.

तिने मिठाच्या डब्यात हात घातला, चिमूट टाकली, ढवळलं. परत चाखलं. अजून थोडं टाकलं.

"आतां बरं," म्हणाली. रविवारनंतरचं पहिलं वाक्य. तेही सांबाराला.

ती केस पुसायला बाहेर गेल्यावर ह्यांना विचारलं, "मीठ कमी असतं का हो माझं?"

हे चपापले. "कधीं कधीं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, कधीं कधीं. कधीं जास्ती पण. आमच्या अम्माचं पण तसंच होतं. अस्की उगे जेवत." सगळे मुकाट्याने जेवत, म्हणजे.

इतकी वर्षं. हा माणूस रोज पान संपवून, हात धुऊन, "छान झालंय" म्हणत आला. आणि मी लिहीत आले की मला वासावर कळतं.

रे. बाहेरच्या खोलीत फोन बघत होती. बराच वेळ एकाच ठिकाणी बघत होती, बोट हलत नव्हतं. मग फोन पर्समध्ये टाकला. मी दारात गेले. विचारणारच होते, आलं का काही?

विचारलं नाही. "नाही आलं" म्हणाली असती तर खरंच आलेलं नाही, की नकार आलाय आणि मला लागू नये म्हणून म्हणतेय, की होकार आलाय आणि अजून माझ्याशी बोलायचं नाही म्हणून म्हणतेय, ह्यातलं काय, ते आता मला कशावरून कळणार? आमच्या घरात सगळे एकमेकांना छान झालंय म्हणतात. तिला तेवढं येत नव्हतं, ते मी शिकवलं.

"पान वाढू?" मी विचारलं.

"देवाला दाखव आधीं," म्हणाली.

दाखवलं. तिने चाखलेलंच.